चौरंग आणि चौरंगी

मराठीत 'चौरंग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक घरातला. त्यावर लाल कापड अंथरून सत्यनारायण मांडतात. दुसरा शिक्षेचा. माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय तोडायचे आणि राहिलेलं धड जिवंत ठेवायचं, म्हणजे त्याचा चौरंग करायचा. हा दुसरा अर्थ एरवी इतिहासाच्या पुस्तकांत निपचित पडलेला असतो. पण कुठे एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की दोन तासांत तो आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये जागा होतो. २०१६ मध्ये कोपर्डीच्या वेळी झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हाही झाला. एरवी झुरळ दिसलं तरी दुसऱ्याला हाक मारणारी माझ्या ओळखीतली माणसं अशा दिवशी चौरंगाच्या पोस्ट टाकतात, आणि मनापासून टाकतात.

त्यांना रानटी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. इतक्या लोकांना एकच जुनी शिक्षा पुन्हा पुन्हा आठवत असेल, तर त्या आठवणीत काहीतरी खरं असणार. ते काय आहे, आणि तरीही मला ती शिक्षा का नको आहे, हे नीट मांडून बघायचं आहे.

या आठवणीच्या मुळाशी एक खरं पत्र आहे. जानेवारी १६४६ मधलं. शिवाजी महाराजांच्या उपलब्ध पत्रांपैकी अगदी सुरुवातीचं. तेव्हा महाराजांना सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुण्याजवळच्या खेडेबारे तरफेतल्या रांझे गावचा मोकदम, म्हणजे पाटील, बाबाजी भिकाजी गुजर याच्या हातून 'बदअमल' झाला, त्याबद्दल त्याचे हातपाय तोडून त्याला पदावरून दूर केलं, असं त्यात आहे. त्याने एका बाईवर बलात्कार केला होता असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं आणि पोस्टमध्येही तेच असतं. पोस्टमध्ये एक गोष्ट मात्र कधीच नसते. पत्र तिथे संपत नाही. गुजरांच्याच गोतातला सोनजी गुजर पुढे येतो, हातपाय तोडलेल्या बाबाजीला आपल्या ताब्यात घेतो आणि गावची पाटीलकी त्याच्याकडे जाते.

मी या सोनजीचा बराच विचार केला आहे. शिक्षेचा क्षण एका मिनिटाचा. त्यानंतर बाबाजीला रोज कुणीतरी उचललं असेल, भरवलं असेल, धुतलं असेल. शिक्षा एकाला झाली आणि ती निभावली कुणी? सोनजीने, आणि खरं तर सोनजीच्या घरातल्या बायकांनी, कारण असली कामं आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको. एका बाईवर झालेल्या अत्याचाराची शिक्षा दुसऱ्या बायकांनी जन्मभर उपसली असणार. पत्रात हे नाही. ते असायचं कारणही नाही. माझा अंदाज आहे, पण फारसा चुकलेला नसावा.

त्या काळाच्या मानाने ही शिक्षा काही जगावेगळी नव्हती. रांझ्याच्या पत्राच्या नऊ वर्षं आधी, १६३७ मध्ये, लंडनमध्ये विल्यम प्रिन नावाच्या वकिलाचे कान चारचौघांत छाटले होते, तेही पुस्तिका लिहिल्याबद्दल. १५७९ मध्ये जॉन स्टब्ज या माणसाचा उजवा हात राणीच्या लग्नाविरुद्ध पत्रक काढल्याबद्दल तोडला. हात तुटल्यावर त्याने डाव्या हाताने टोपी काढून राणीचा जयजयकार केला म्हणतात. अवयव तोडणं ही तेव्हाच्या राज्यांची रोजची भाषा होती. मग आपल्याला नेमकं रांझंच का आठवतं? पेशवाईतही चोरांचे हात तोडले जात, त्यातल्या एकाही चोराचं नाव आपल्याला माहीत नाही.

मला वाटतं, रांझं आठवतं ते कुऱ्हाडीमुळे नाही. ती कुणावर पडली त्यामुळे आठवतं. गावात पाटील म्हणजे सरकार. बाईने तक्रार करायची तर त्याच्याकडेच, आणि गुन्हेगारही तोच. अशा माणसाविरुद्ध एका साध्या बाईचं म्हणणं कुणीतरी ऐकलं, खरं मानलं आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. चौरंगाची मागणी करणारा माणूस माझ्या समजुतीप्रमाणे हेच मागत असतो. वरच्याला शिक्षा होते हे त्याला एकदा बघायचं असतं. आज ते दिसत नाही म्हणून तो साडेतीनशे वर्षं मागे जातो. ही मागणी रास्त आहे. फक्त ती कुऱ्हाडीकडे वळली की घोटाळा सुरू होतो, कारण कुऱ्हाड फार क्वचित वरच्या दिशेने चालते.

आणि गंमत अशी, की हातपाय तोडलेला महाराष्ट्राला माहीत असलेला एकमेव माणूस रांझ्याचा पाटील नाही. दुसरा त्याच्यापेक्षा जुना आहे. त्याची पूजा होते.

नवनाथांमध्ये चौरंगीनाथ आहेत. ज्या घरांत 'नवनाथ भक्तिसार' वाचतात, तिथे ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते. कौंडिण्यपूरच्या राजा शशांगराचा मुलगा कृष्णागर. त्याच्यावर सावत्र आई भुजावंतीचं मन जातं. तो नकार देतो. ती उलटून राजाकडे तक्रार करते, की यानेच माझ्यावर हात टाकला. राजा चौकशी करत नाही. गुन्हा भयंकर, तक्रार करणारी राणी, बापाचा संताप खरा. मुलाचे हातपाय तोडायचा हुकूम सुटतो. भर चौकात ते तोडले जातात. पुढे मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ त्याला घेऊन जातात, त्याचं नाव चौरंगी पडतं, तो तपाला बसतो आणि त्याला हातपाय फुटतात. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगताना सप्तशृंगीवर मच्छिंद्रनाथांना भेटलेल्या या भग्न अवयवांच्या चौरंगीचा उल्लेख केला आहे. म्हणजे चौरंग हा शब्द मराठीत निदान सातशे वर्षं एका पीडित माणसाचंही नाव आहे.

इथे एक सावधगिरी. खोटी तक्रार करणारी बाई हा कथांचा फार आवडता साचा आहे, आणि तो वापरून खऱ्या तक्रारी दडपणारे आजही पुष्कळ आहेत. मला ही गोष्ट त्यासाठी नको आहे. मला त्यातला राजा महत्त्वाचा वाटतो. शशांगर दुष्ट नाही. तो आपल्यासारखाच आहे. बातमी ऐकली, रक्त उसळलं, हुकूम दिला.

अशीच आणखी एक गोष्ट महाभारतात, शांतिपर्वात आहे. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, दोघेही तपस्वी. लिखित भावाच्या आश्रमात जातो, भाऊ घरात नसतो, म्हणून झाडाची फळं तोडून खातो. शंख येऊन म्हणतो, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि शिक्षा माग. राजा सुद्युम्न म्हणतो, मला शिक्षेचा अधिकार आहे तसा माफीचाही आहे. लिखित ऐकत नाही. शेवटी राजा त्याचे दोन्ही हात तोडतो. लिखित परत येतो, भावाच्या सांगण्यावरून बाहुदा नदीत उतरतो आणि हात परत येतात. तेव्हा तो विचारतो, तुझ्या तपात एवढं बळ होतं तर आधीच मला शुद्ध का नाही केलंस? शंख सांगतो, शिक्षा देणं माझं काम नव्हतं. युद्धानंतर राज्य नको म्हणून बसलेल्या युधिष्ठिराला ही गोष्ट ऐकवली जाते, दंड हे राजाचं काम आहे हे पटवायला.

दोन्ही गोष्टींत हात परत येतात, हे मला फार बोलकं वाटतं. एकात माणूस निर्दोष होता, दुसऱ्यात त्याने स्वतःच शिक्षा मागितली होती, आणि तरीही सांगणाऱ्याला त्याला तसाच तोडलेला सोडून गोष्ट संपवता आली नाही. दंडाची बाजू मांडणाऱ्या व्यासांनाही नदी लागली.

राज्य चालवणाऱ्यांकडे नदी नव्हती, त्यांच्याकडे दरपत्रक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक अख्खं प्रकरण अवयव तोडण्याऐवजी भरायच्या दंडावर आहे. तीर्थाच्या ठिकाणी खिसे कापणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला अंगठा आणि तर्जनी तोडणं, किंवा ५४ पण. पुढे वाढत वाढत तिसऱ्या गुन्ह्याला उजवा हात, किंवा ४०० पण. त्या 'किंवा'कडे जरा बघा. ज्याच्याकडे ४०० पण आहेत त्याचा उजवा हात शाबूत. तो मुळात खिसे कशाला कापेल, हा वेगळा प्रश्न. मनुस्मृतीत पाकीटमाराला पहिल्यांदा बोटं, दुसऱ्यांदा हातपाय आणि तिसऱ्यांदा मृत्यू अशी चढती भाजणी आहे. पण त्याच ग्रंथात हेही आहे, की खालच्या जातीच्या माणसाने वरच्या जातीच्या माणसावर जो अवयव उगारला, तो तोडावा. हात तोच, उगारणं तेच, तोडणं फक्त एका बाजूला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो ग्रंथ जाळला, त्याच्या पानांवर हेही होतं. 'पूर्वीचा न्याय कडक होता' असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुणासाठी?

इंग्रजांनी यात एक विचित्र गणित आणलं. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसच्या काळात, १७९१ च्या सुमारास, अवयव तोडायची शिक्षा बंद झाली. मग ज्यांना जुन्या कायद्याप्रमाणे ती झाली असती त्यांचं काय करायचं? दोन अवयवांबद्दल १४ वर्षं सक्तमजुरी, एका अवयवाबद्दल ७ वर्षं. एक हात बरोबर सात वर्षं. कुठल्या तराजूत तोललं असेल हे? पण हा हिशोब वाचल्यावर एक प्रश्न मनातून जाईना. तुम्हीही स्वतःला विचारून बघा. येरवड्यात सात वर्षं, की डावा हात? पंचवीस वर्षांचे आहात असं धरून चला. उत्तर पटकन आलं असेल तर थोडं थांबा. सात वर्षांत आई-वडील म्हातारे होतात, प्रेयसीचं लग्न होतं, हातातलं काम जुनं होतं. हात गेला तर संध्याकाळी घरी.

पीटर मॉस्कोस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २०११ मध्ये याच धर्तीवर फटक्यांच्या बाजूने एक पुस्तक लिहिलं. तो पूर्वी पोलिसात होता. त्याचं म्हणणं असं, की कैद्याला तुरुंग किंवा फटके यातून निवडू द्या. जवळपास सगळे फटके निवडतील, आणि त्यावरूनच कळेल की आपण ज्याला सुधारलेली शिक्षा म्हणतो ती किती क्रूर आहे. शारीरिक शिक्षेच्या बाजूचा मला माहीत असलेला हा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद आहे. भारतात तर तो जास्तच झोंबतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार आपल्या तुरुंगांतल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. तुरुंग हाही माणूस तोडतोच, फक्त भिंतीआड. तेव्हा 'हात तोडणं अमानुष आणि तुरुंग माणुसकीचा' एवढ्यावर माझी बाजू उभी राहत नाही.

ती कशावर उभी राहते ते सांगण्याआधी, जिथे ही शिक्षा आजही कायद्यात आहे तिथे काय होतं ते बघायला हवं. कुराणात चोरीला हात तोडण्याची शिक्षा सांगितलेली आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याभोवती फकिहांनी, म्हणजे कायद्याच्या पंडितांनी, किती कुंपणं घातली ते सहसा माहीत नसतं. चोरलेली वस्तू ठरावीक किमतीच्या वर हवी, बंदोबस्तातल्या जागेतून उचललेली हवी, पुराव्यात शंका आली तर शिक्षा टळते. खलिफा उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी ही शिक्षाच थांबवली होती. त्यांचाच एक निवाडा इमाम मालिक यांच्या ग्रंथात आहे. हातिब नावाच्या माणसाच्या गुलामांनी दुसऱ्याची सांडणी चोरून कापून खाल्ली. उमर यांनी आधी हात तोडायचा हुकूम दिला, मग थांबले आणि मालकाला म्हणाले, मला वाटतं तूच यांना उपाशी ठेवतोस. सांडणीची किंमत होती ४०० दिरहम. मालकाकडून ८०० वसूल केले. शिक्षा खालून वर सरकवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अकराव्या शतकातला सीरियाचा आंधळा कवी अल-मआर्री याने यावर एक खोचक शंका काढली होती. कुणी दुसऱ्याचा हात निकामी केला तर भरपाई ५०० दिनार, आणि पाव दिनार चोरला तर तोच हात तोडायचा, हे कसं? त्याला मिळालेलं उत्तरही तितकंच धारदार: हात इमानी होता तोवर महाग होता, बेइमान झाला आणि स्वस्त झाला. उत्तर चांगलं आहे. मला ते पटत नाही, कारण हात बेइमान होत नसतो. ज्या हाताने चोरी केली त्याच हाताने तो माणूस मुलाला भरवतही होता, आणि तोडताना दोन्ही तुटतात.

आता सुदान घ्या. सप्टेंबर १९८३ मध्ये तिथल्या लष्करशहा निमेरीने शरियतच्या नावाने नवे कायदे लागू केले आणि खार्टुमच्या कोबर तुरुंगात हात तोडले जाऊ लागले, लोकांसमोर. त्याच काळात, १९८४-८५ मध्ये, दार्फूर आणि कोर्दोफानमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. उमर यांनी दुष्काळात शिक्षा थांबवली होती. त्याच धर्माचं नाव घेणाऱ्या निमेरीने थांबवली नाही. हे कायदे मागे घ्या असं पत्रक काढणाऱ्या महमूद मोहम्मद ताहा या सत्तरी ओलांडलेल्या मुस्लिम विचारवंताला जानेवारी १९८५ मध्ये फाशी दिलं. तीन महिन्यांत निमेरीची सत्ता गेली. तोडलेले हात अर्थातच परत आले नाहीत.

जून २००९ मध्ये मोगादिशूत अल-शबाबने चार तरुणांचा प्रत्येकी एक हात आणि एक पाय गर्दीसमोर तोडला. आरोप होता मोबाइल फोन आणि बंदुका चोरल्याचा. हे तुम्ही ज्यावर वाचताय, तेच यंत्र. इराणमध्ये पहिल्या चोरीला उजव्या हाताची चार बोटं जातात. तळवा आणि अंगठा ठेवतात. त्यासाठी यंत्रं बनवलेली आहेत. २०१३ मध्ये शिराझमधल्या अशा शिक्षेचे फोटो तिथल्या सरकारमान्य वृत्तसंस्थेनेच प्रसिद्ध केले होते. काळे बुरखे घातलेली माणसं आणि मध्ये फिरतं पातं. बुरखे मारणाऱ्यांच्या तोंडावर होते, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पाकिस्तानात झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आणले. हात तोडायच्या शिक्षा न्यायालयांनी सुनावल्याही. पण अंमलबजावणी एकदाही झाली नाही, आणि त्याचं एक मोठं कारण असं, की हे करायला डॉक्टर तयार होईनात. सद्दामच्या इराकमध्ये डॉक्टरांना हा पर्याय नव्हता. १९९४ च्या हुकुमाने चोराचा हात तोडायचा आणि कपाळावर फुलीचा डाग द्यायचा असं ठरलं. फुली कशासाठी? तर युद्धात हात गमावलेले सैनिक आणि हे चोर यांच्यात लोकांची गल्लत होऊ नये म्हणून. बगदादच्या काही व्यापाऱ्यांचे उजवे हात परकीय चलनाचा व्यवहार केल्याबद्दल तोडले आणि ते चित्रितही केलं. २००४ मध्ये त्यांच्यापैकी सात जणांना अमेरिकेत ह्यूस्टनला नेऊन कृत्रिम हात बसवले, कपाळावरचे डाग काढले. मग व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांबरोबर फोटो. त्यांचे तोडलेले हात एका सरकारच्या उपयोगाचे होते, लावलेले हात दुसऱ्या.

त्या फुलीपाशी मला माझं उत्तर सापडलं. तुरुंग कितीही वाईट असला तरी त्याच्या शिक्षेला शेवटची तारीख असते. हात तोडलेल्या माणसाची शिक्षा कधी संपते? तो दुकानात सुट्टे पैसे घेताना, बसमध्ये दांडी धरताना, पंगतीत बसताना, दरवेळी चोर असतो. आपल्याकडे जेवायचा हात आणि धुवायचा हात वेगळा असतो, हे ही शिक्षा ठरवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. माणसाने पुढे कितीही चांगलं जगायचं ठरवलं, तरी सरकारने त्याच्या अंगावर लिहून ठेवलेलं त्याला खोडता येत नाही. शिक्षा भोगून झाली असं म्हणायची सोयच त्यात नाही. आणि ज्याला 'झालं, आता जा' असं कधीच म्हणायचं नाही, त्याला आपण शिक्षा करत नसतो, त्याचा आपण सूचनाफलक करत असतो. माणसाला साधन म्हणून वापरू नका हे सांगणाऱ्या कांटलाही हे शेवटपर्यंत पाळता आलं नाही. बलात्काराला खच्चीकरणाची शिक्षा असावी असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीसमोर हाच प्रस्ताव आला होता. समितीने बलात्काराचे कायदे कडक करायला सांगितलं आणि हा प्रस्ताव नाकारला.

दुसरं कारण आपल्या घराजवळचं आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. ऐकून कुणाचंही रक्त उसळावं असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं; त्यातल्या तिघांची जन्मठेप तर वाढवून फाशी केली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कळलं. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई.

त्यांची सोळा वर्षंही परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण सतराव्या वर्षी ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले. २००३ मध्ये चौरंगाचा कायदा असता, तर त्या संतापात तो कुणाचा झाला असता हे उघड आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना १९५२ मध्ये कागदावर मुक्त केलं. पण चोरी झाली की आधी त्यांच्या पालांवर जायची सवय गेलेली नाही. शशांगराच्या चौकात उद्या कोण उभा असेल हे मला माहीत आहे, आणि तो पाटील नसेल.

हे सगळं मी माझ्या मामेबहिणीला सांगत होतो. ती बावीस वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी क्लासहून येताना, एसटीत, एका माणसाने तिच्याशी जे केलं त्याची तिने तक्रार केली. सगळे नको म्हणत असताना केली. विनयभंगाचा गुन्हा नोंदवला गेला. तो माणूस तालुक्यातल्या वजनदार घरातला. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि आठवड्याने त्याच बसमध्ये होता. तिने क्लास सोडला.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तुला हात तोडणं भयंकर वाटतं, कारण ते हात तुझ्या अंगाला लागले नाहीत."

मी म्हटलं, "अगं, पण तो कायदा आला तरी त्याचा हात तुटणार नाही. त्याच्या शेतावरच्या गड्याचा तुटेल."

"ते मला माहीत नाही का? मला हात नकोच आहे त्याचा. त्याने त्या बसमध्ये बसू नये एवढंच हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून हात म्हणते मी."

नासिक-सुदान-इराक सगळं माझ्याकडे होतं, पण यावर बोलायला काही नव्हतं. बसमध्ये न बसू देण्याची शिक्षा ना कौटिल्याच्या यादीत आहे ना कॉर्नवॉलिसच्या. रांझ्याच्या पत्रात निदान पाटीलकी काढून घेतली होती. मी तिला विचारलं, केसचं काय झालं? चार वर्षांत तिची साक्ष अजून झालेली नाही. दोनदा आरोपीचे वकील आले नाहीत, एकदा न्यायाधीश रजेवर होते, एकदा कोर्टात साहित्य हलवायचं काम चालू होतं. प्रत्येक वेळी मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर जातो. पुढची तारीख चौदाला आहे. या वेळी मामाला सुट्टी मिळत नाहीये, म्हणून मी जाणार आहे. तालुक्याला जायला सकाळी एकच सोयीची गाडी आहे, सव्वाआठची. ती म्हणाली, दादा, तीच गाडी. आपण लवकर जाऊ आणि पुढे बसू.